सीमेपलीकडचा डाव

पत्त्यांच्या जुगाराशी माझा संबंध आला तो पंच या नात्याने. पोलिसांनी एखाद्या अड्ड्यावर छापा घातला की पंचनाम्यासाठी सरकारी नोकर लागत, आणि आमच्या भागात हाताशी असणारा सरकारी नोकर म्हणजे बहुधा महसूल खात्याचाच. पोळा सरला की हा हंगाम सुरू होई, तो दिवाळी उलटेपर्यंत चाले. एक सतरंजी, बावन्न पत्ते, एक कंदील, मोडक्या नोटा आणि चिल्लर अशी यादी करायची, खाली सही ठोकायची आणि घरी यायचे. मी अशा कितीतरी पंचनाम्यांवर सह्या केल्या. सतरंजीवर बसलेली माणसे त्या क्षणी कोणता विचार करीत होती, हा प्रश्न मला नोकरीच्या पस्तीस वर्षांत कधी पडला नाही. तो पडला निवृत्तीनंतर, आणि तोही एका चहाच्या टपरीवर, राज्याची सीमा ओलांडून गेल्यावर.

आमचे वांकिडी हे सीमेवरचे गाव. १९५६ साली भाषावार राज्यपुनर्रचना झाली तेव्हा आदिलाबाद जिल्ह्यातला राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला आणि आम्ही आंध्र प्रदेशात राहिलो. २०१४ साली तेलंगण झाले, २०१६ साली जुन्या आदिलाबादचे चार तुकडे होऊन आम्ही आसिफाबाद जिल्ह्यात आलो. पाट्या बदलल्या, घरातली मराठी, कचेरीतली तेलुगू आणि बाजारातली दोन्हींची खिचडी मात्र तशीच राहिली. आसिफाबादहून चंद्रपूरकडे जाणारा रस्ता गावातून जातो. त्या रस्त्याने थोडे पुढे गेले की सीमा लागते, आणि पलीकडे लक्कडकोट. सोयरिकीला, दवाखान्याला, कापूस विकायला आमची माणसे पिढ्यान्‌पिढ्या हा रस्ता तुडवीत आली. पत्ते खेळण्यासाठी कोणी तो ओलांडल्याचे मी २०१८ पर्यंत ऐकले नव्हते.

त्या वर्षी दिवाळीला पुतण्या पुण्याहून आला होता. दादाचा, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचा, हा एकुलता एक मुलगा. वय चोवीस, नोकरी सॉफ्टवेअरची. भाऊबीज झाली आणि रविवारी दुपारी तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "काका, संध्याकाळी जरा लक्कडकोटपर्यंत येता का? तीन-चार तासांचं काम आहे. बाबांना सांगू नका." मी काय काम म्हणून विचारले. तेव्हा त्याने खरे ते सांगितले. तो मोबाइलवर पोकर नावाचा पत्त्यांचा खेळ पैसे लावून खेळत असे. दर रविवारी एक स्पर्धा असते आणि ती त्याला चुकवायची नव्हती. पण तेलंगणात ती लागत नाही.

लागत नाही याचे कारण मला ठाऊक होते. २०१७ साली, मी निवृत्त झालो त्याच वर्षी, आमच्या सरकारने वटहुकूम काढून जुगारबंदीचा १९७४ चा कायदा दुरुस्त केला होता आणि ऑनलाइन खेळही त्याच्या कक्षेत आणले होते. फोन स्वतःच आपण कोठे उभे आहोत ते कंपनीला कळवतो आणि तेलंगणाच्या हद्दीत डाव उघडतच नाही. माझ्या मनात आले, ज्या कायद्याखाली मी सह्या केल्या त्याच्यापासून या पोराला पळवून नेण्यासाठी मीच मोटारसायकल काढायची! पण नकार दिला असता तर तो एकटा गेला असता, आणि रात्रीचा रस्ता जंगलातला. मी किल्ली घेतली. हे समर्थन किती खरे होते हे मला आजही सांगता येणार नाही. थोडेफार कुतूहल होतेच.

वाटेत मी त्याला जुगाराविषयी दोन शब्द ऐकवले. त्यावर तो म्हणाला की पोकर हा कौशल्याचा खेळ आहे. हा वाद मला नवा नव्हता. सिकंदराबादच्या एका क्लबावर १९६३ साली छापा पडला होता. तेथे रमी चालत असे. निजामाच्या काळातल्या, फसली १३०५ च्या कायद्याखाली तो खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९६७ च्या नोव्हेंबरात निकाल लागला. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती हिदायतुल्ला. नागपूरच्या उच्च न्यायालयाचे ते एके काळी मुख्य न्यायाधीश, म्हणजे आमच्या बाजूचेच म्हणायचे. त्यांनी रमी कौशल्याच्या बाजूला टाकली, कारण पडलेली पाने ध्यानात ठेवावी लागतात. आणि तीन पत्ती निव्वळ नशिबाच्या बाजूला. मी पुतण्याला विचारले, तुझा हा पोकर या दोहोंत कोठे बसतो? तो म्हणाला, "तुम्ही आज बघा आणि ठरवा." सरकारी माणसाला असे आव्हान दिले की तो फसतो.

टपरीवाल्याने बाकडे दिले, चहा दिला. थंडी पडू लागली होती. रस्त्याने कापसाच्या गाड्या जात होत्या. पुतण्याने फोन एका पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला आणि मला शेजारी बसवून घेतले.

खेळ असा. प्रत्येकाला दोन पाने पालथी मिळतात. मग मध्ये आधी तीन, नंतर एक आणि शेवटी आणखी एक अशी पाच पाने सर्वांसाठी उघडी होतात. या सातांतून ज्याची पाच पाने सर्वांत भारी, तो जिंकतो. मधूनमधून बोली चालते. कोणी पाने टाकून देऊ शकतो, कोणी आपल्यापुढचे सगळे मांडून 'ऑल-इन' म्हणू शकतो. स्पर्धेत शिरताना १,१०० रुपये भरायचे, त्यांतले शंभर कंपनीचे. त्या रात्री १२० जण बसले होते. प्रत्येकाला १०,००० चिप्स म्हणजे खोटी नाणी मिळाली. ती संपली की माणूस उठला. शेवटच्या पंधरांना बक्षीस, पहिल्याला ३०,००० रुपये.

पाने वाटण्याआधीच दोघांना पाळीपाळीने सक्तीची रक्कम भरावी लागते, तिला ब्लाइंड म्हणतात. एक लहान, एक मोठा. आमच्याकडे तीन पत्तीत ब्लाइंड म्हणजे पाने न पाहता केलेली चाल. येथे अर्थ वेगळा आहे. शिवाय प्रत्येकाने थोडा बूट द्यायचा. काही मिनिटांनी या रकमा वाढतात, आणि वाढतच जातात. मला तो सरळ शेतसारा वाटला. पीक येवो वा न येवो, भरायचा. फरक इतकाच की येथला सारा दर दहा मिनिटांनी वाढतो आणि दुष्काळात तहकुबी मिळत नाही.

पहिले दोन तास पुतण्या पाने टाकत बसला. मला झोप येऊ लागली. दहाच्या सुमारास मात्र सात जण उरले आणि तो सरळ होऊन बसला. त्या वेळी मोठा ब्लाइंड १०,००० चा, लहान ५,००० चा आणि बूट माणशी १,००० चा होता. म्हणजे पान उघडण्याआधीच मध्ये २२,००० जमलेले, आणि टेबलाची एक फेरी पुरी झाली की प्रत्येकाचे तेवढेच २२,००० गेलेले. पुतण्यापाशी ७७,००० होते. "साडेतीन फेऱ्या," तो म्हणाला. "काही न करता बसलो तर साडेतीन फेऱ्यांत मी संपलो." हॅरिंग्टन नावाचा एक अमेरिकन, १९९५ चा जगज्जेता, त्याच्या पुस्तकातून ही मोजणी तो शिकला होता. आपल्याकडे किती आहे असे विचारायचे नाही. किती फेऱ्या पुरेल असे विचारायचे.

पुढच्याच हाताला त्याला एक्का आणि सत्ती आली. तीन पत्तीच्या हिशेबाने मी हरखलो. एक्का म्हणजे एक्का. त्याने ती पाने टाकून दिली. मी अरे अरे म्हणेपर्यंत डाव पुढे गेला. मग त्याने कारण सांगितले. त्याच्या उजव्या हाताला बसलेल्या खेळाडूकडे जेमतेम २०,००० होते, आणि पुढच्या वाटपाला मोठा ब्लाइंड त्याच्यावर येणार होता. अर्धे त्यातच जाणार. तो आधी मेला तर पुतण्या आपोआप सहावा. सातव्याला ५,००० रुपये आणि सहाव्याला ६,५००. "काका, चिप्स म्हणजे पैसे नव्हेत. शेवटी सगळ्या बारा लाख चिप्स एकाकडे जातात, पण त्याला बक्षिसाचा चौथाच हिस्सा मिळतो. म्हणून माझ्या चिप्स दुप्पट झाल्या तर माझी किंमत दुप्पट होत नाही. पण गेल्या तर सगळी जाते." मी अर्थसंकल्पाच्या अनेक बैठकांना बसलो आहे, पण मिळकत आणि गमावणूक यांतला हा फरक इतक्या थोडक्यात मला कोणी सांगितला नव्हता.

मात्र तो उजवीकडचा मेला नाही. मोठा ब्लाइंड भरून उरलेले ९,००० त्याने लावले आणि तो जिंकला. त्यानंतर ब्लाइंड पुतण्यावर आले. दोन्ही भरले, बूट भरले, पाने भिकार आली. चार हातांत त्याचे ५८,००० उरले. आता पत्ते वाटणाऱ्याच्या जागी तो होता. त्याच्याआधीच्या सगळ्यांनी पाने टाकली; मागे फक्त दोघे, लहान आणि मोठा ब्लाइंड भरलेले. त्याला इस्पिकचा राजा आणि इस्पिकची सत्ती आली.

एक्का-सत्ती टाकणारा हा मुलगा राजा-सत्तीवर सगळे मांडणार आहे असे मला वाटले नव्हते. त्याला ठरवायला पंधरा-वीस सेकंद होते. तेवढ्यात त्याने जो हिशेब केला तो त्याने मला नंतर कागदावर मांडून दाखवला. दोघांनीही पाने टाकली तर मधले २२,००० न खेळता त्याचे. दहांतून सहा वेळा असे होईल असा त्याचा अदमास होता. उरलेल्या चार वेळा कोणीतरी सामना करील. मोठ्या ब्लाइंडवाल्याने केला तर मध्ये १,२८,००० होतील, आणि राजा-सत्ती तेव्हा शंभरात अडतीस वेळा जिंकेल असे धरले तर त्यातला त्याचा वाटा ४८-४९ हजारांचा. म्हणजे पकडला गेला तरी सरासरीने नऊ-साडेनऊ हजारांचेच नुकसान, आणि तेही दहांत चारदा. वजाबाकी करता चाल साडेनऊ हजारांच्या फायद्याची. सातव्या-सहाव्या क्रमांकाच्या बक्षिसाचा विचार त्यातून थोडा कापायचा, तरी फायदाच. उलट पाने टाकली तर पुन्हा ब्लाइंड येतात आणि ३६,००० उरतात. मग कोणी घाबरत नाही. "माझ्या ऑल-इनमध्ये अर्धी ताकद माझ्या पानांची नाही, काका. समोरचा पाने टाकेल या शक्यतेची आहे. माझ्याकडे काहीतरी शिल्लक आहे तोवरच ती शक्यता."

त्याने बटण दाबले. लहान ब्लाइंडवाल्याने पाने टाकली. मोठ्याने सामना केला आणि त्याची पाने उघडी झाली: राणी आणि गुलाम. पुतण्या पुढे होता. मी नकळत बाकड्यावरून उठलो. टपरीवालाही येऊन उभा राहिला, त्याला काय कळले कोण जाणे. पहिली तीन पाने बारकी. चौथे बारके. पाचवे पान बदामचा गुलाम.

त्याने फोन आडवा केला आणि दोन चहा सांगितले. चेहरा अगदी शांत. मी म्हणालो, "वाईट झालं." तो म्हणाला, "निकाल वाईट. निर्णय ठीक होता. चूक तासाभरापूर्वी झाली. पंधरा ब्लाइंड होते तेव्हा दोन चांगल्या जागा सोडल्या, भिऊन."

थोडा वेळ गेला. मग तो, चहात बिस्कीट बुडवीत, सहज म्हणाला, "बाबांचंही २००९ ला तसंच झालं. लोक म्हणतात बाबांनी सगळं लावलं आणि बुडाले. बाबांनी लावलं तेव्हा त्यांच्याकडे दोनच ब्लाइंड उरले होते."

येथे मला २००९ विषयी सांगितले पाहिजे. त्या वर्षी जूनमध्ये देशभरात पाऊस सरासरीच्या निम्म्याच्या आसपास झाला. पहिल्या सरीवर दादाने आठ एकरांत कपाशी टोबली. मग पावसाने दडी मारली. आमची जमीन कोरडवाहू, काही हलकी. अंकुर वर आले आणि करपले. बीटी बियाण्याचे ४५० ग्रॅमचे पाकीट तेव्हा सातशे-साडेसातशे रुपयांना मिळे. आंध्र सरकारने २००६ साली कंपन्यांशी भांडून ही किंमत खाली आणली होती, नाहीतर त्याआधी ते १,८५० ला होते. तरी पाकिटे, खत, मजुरी मिळून दुबार पेरणीला पंधरा हजार लागणार होते. सावकाराचे आधीचे देणे होतेच, शेकडा तीन रुपये महिना. दादाने मला फोन केला. मी दुसऱ्या जिल्ह्यात बदलीवर होतो. तो म्हणाला, "आभाळ येतंय. आत्ताच टोबतो. पंधरा हजार पाठव."

मी पाठवले नाहीत. पैसे नव्हते असे नाही. मी त्याला समजावले की पुन्हा बियाणे वाया घालवू नकोस, पंधरा दिवस थांब, पाऊस स्थिरावू दे, मग पाठवतो. माझ्यापुढे टेबलावर पावसाचे तक्ते होते. ते रोज वर पाठवण्याचे कामच होते माझे. त्या तक्त्यांच्या बळावर मी बोललो. दादा एवढेच म्हणाला, "बरं." आठवड्याच्या आत दोन चांगल्या सरी पडल्या. शेजारच्यांनी, ज्यांनी उधार-उसनवार करून आधी टोबले होते, त्यांचे उगवले. दादाचे रान उघडे पडले होते. मी शब्दाप्रमाणे पंधरा दिवसांनी पैसे पाठवले, एक दिवसही उशीर न करता. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने टोबले. उशिराच्या कपाशीला बोंडे भरायच्या वेळी हलक्या जमिनीत ओल राहत नाही, हे तेथे पोरासोरांनाही ठाऊक असते. पुढच्या वर्षी त्याने तीन एकर विकले.

माझी नोकरी सावधपणाची होती आणि तो सावधपणा मी सद्गुण समजत आलो. थांबल्याने काही जात नाही, ही धारणा पगारदार माणसाची असते, कारण त्याच्यावर ब्लाइंड येत नाहीत. उलट दर महिन्याला त्याच्याकडे येते. दादाच्या घरी थांबण्याचा प्रत्येक दिवस व्याजाने, ओलीने आणि हंगामाने कापला जात होता. मी माझ्या घड्याळाने त्याला वेळ सांगितली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात जुगाऱ्याचे एक सूक्त आहे. त्यात शेवटी सविता देव त्या माणसाला सांगतो की फासे सोड, शेती कर, जे मिळते त्यात आनंद मान. नोकरीत असताना एका शाळेच्या समारंभात मी या सूक्ताचा दाखला देऊन टाळ्या मिळवल्या होत्या. वांकिडीच्या कोरडवाहू रानात जून महिन्यात उभे राहून तो उपदेश कोणाला करायचा, याचा विचार मी तेव्हा केला नव्हता.

तरीही खेळ आणि शेत यांची बरोबरी मला फार ताणायची नाही. पुतण्याचे त्या रात्री १,१०० रुपये गेले होते आणि ५,००० आले होते. हरला तरी तो पुढे होता. दादा हरला तेव्हा त्याने तीन एकर लिहून दिले. खेळात पुढच्या रविवारी पुन्हा सगळ्यांना सारख्याच १०,००० चिप्स मिळतात.

टपरीवर मी पुतण्याला यातले काही सांगितले नाही. वांकिडीला परतलो तेव्हा दादा जागाच होता. त्याने कोठे गेला होतात म्हणून विचारले, आणि मी राजुऱ्याचे एक खोटे काम सांगितले.

पुढे मी पुतण्याचा हिशेब मागितला. जुनी खोड. त्याने वही दाखवली: तारीखवार स्पर्धा, भरलेली रक्कम, मिळालेली रक्कम, दोन वर्षांत थोडी शिल्लक. वही स्वच्छ होती, आणि इतक्या स्वच्छ वह्यांचा मला अनुभव आहे. दोन-तीनदा विचारल्यावर कळले की स्पर्धांखेरीज रोख पैशांच्या टेबलांवरही तो बसत असे, आणि ते या वहीत नव्हते. तेथे तो हरत होता. किती, ते त्याने मला सांगितले; मी येथे लिहीत नाही. स्पर्धेतला तो विचारी मुलगा आणि रात्री दीड वाजता हरलेले परत मिळवायला बसणारा मुलगा एकच होता. पंधरा सेकंदांत वजाबाकी करणाऱ्याला दोन वर्षांची बेरीज करता आली नव्हती, की करायची नव्हती. न्यायमूर्ती हिदायतुल्लांनी खेळाचे दोन भाग केले, कौशल्याचा आणि नशिबाचा. खेळणाऱ्याचेही भाग पडतात. त्यांचा न्यायनिवाडा कोणत्या कायद्याने करायचा?

आम्ही बोललो, थोडे भांडलोही. रोख टेबले त्याने सोडली असे तो म्हणाला, आणि मला वाटते ते बरेचसे खरे होते. २०२३ च्या ऑक्टोबरपासून भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर लागला, तेव्हा तो हसून म्हणाला की आता कितीही चांगले खेळा, कर जिंकणार. २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या सगळ्याच ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली. जे तेलंगणात २०१७ पासून होते ते सगळ्या देशात आले. आता लक्कडकोटला जाऊनही उपयोग नाही. फुकटच्या चिप्सवर खेळता येते, पण पुतण्याने आठवड्यात ते सोडून दिले. "कोणी पाने टाकतच नाही, काका. गमवायला काही नसलं की प्रत्येक जण सामना करतो. मग ऑल-इनला अर्थ काय?"

त्या वर्षी पाऊसही चमत्कारिक होता. मे महिन्याच्या अखेरीस लवकर आला, लोकांनी घाई करून टोबले, आणि जूनमध्ये त्याने पाठ फिरवली. मी तेव्हा वांकिडीतच होतो. दादा आता सत्तरीला टेकला आहे. पाच एकर राहिले आहेत, त्यांत कपाशी आणि तूर. एका संध्याकाळी तो ओसरीवर येऊन बसला आणि आभाळाकडे बघत म्हणाला, "दोन एकर गेले बघ. काय करू?" सोळा वर्षांनी त्याने मला तोच प्रश्न विचारला होता, आणि त्याच्या स्वरात कसलाही जुना हिशेब नव्हता. मी त्याला पाऊस कधी येईल ते सांगितले नाही. पाकिटे किती शिल्लक आहेत, सावकाराचे किती आहे, किती दिवसांच्या आत टोबले तर चालेल, एवढेच विचारले. तिसऱ्या प्रश्नाला तो म्हणाला, "आठ दिवस." मी आत जाऊन पैसे आणले. त्याने ते मोजले नाहीत. सकाळी माणसे लावून टोबणी झाली. पाऊस पाचव्या दिवशी आला. तो सातव्या किंवा दहाव्या दिवशीही आला असता, आणि मी पैसे तरी दिलेच असते, असे मी स्वतःला सांगतो.

बंदीचा कायदा झाल्यावर पुतण्या गणपतीला आला होता. त्या सुट्टीत एका रात्री आम्ही दोघेच ओसरीवर होतो, आणि मी त्याला २००९ ची ती गोष्ट सांगून टाकली: फोन, पंधरा हजार, तक्ते, पंधरा दिवस. सांगताना मी रानाकडे बघत होतो, त्याच्याकडे नाही. माझे बोलणे संपल्यावर तो जरा वेळाने म्हणाला, "मला ठाऊक होतं, काका. बाबांना नंबर लावता येत नसे. फोन मीच लावून दिला होता, आणि शेजारीच उभा होतो."

मी त्याला विचारले की मग लक्कडकोटला काही बोलला का नाहीस.

"तुम्ही सांगता का, ते बघत होतो," तो म्हणाला, आणि उठून गोठ्यातला दिवा मालवायला गेला.